बघून सांगतो

काकांच्या भाषेत सगळं होतं. फक्त 'ही भाषा का?' या पानावर काहीच नव्हतं.

भाषा म्हणजे बोलायची नव्हे. एका यंत्राने दुसऱ्या यंत्राला चार कामं सांगायची, तिथला आकडा इथे आणायचा, इथला तिथे पोचवायचा, अशा हरकाम्या आज्ञा लिहिण्याची ती भाषा. मोठमोठे प्रोग्राम असल्या आज्ञांच्या हमालीवर चालतात आणि त्यांचं नावही घेत नाहीत. तिचं नाव होतं 'बघून'. काकांनी ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीतली नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवसांत, एकट्याने लिहिली आणि ओपन सोर्स करून टाकली. ज्याला हवी त्याने घ्यावी, वापरावी, मोडावी, आपली वेगळी प्रत काढावी, पैसे कुणाला द्यायचे नाहीत. लोकांनी घेतली. शिव्या देत देत घेतली, पण घेतली.

शिव्या एका नियमासाठी. 'बघून'मध्ये रिकाम्या जागेला कधीही शून्य समजत नसत. कुठलाही आकडा यायचा होता आणि आला नाही, की भाषा जागच्या जागी थांबे आणि पडद्यावर लाल ओळ दाखवी: 'माहीत नाही. बघून सांगा.' मग माणसाने उठायचं, आकडा का आला नाही ते शोधायचं आणि सांगायचं. तोवर ती हलत नसे. लग्नात मानपानावरून अडून बसलेल्या आत्यासारखी, असं कुणीतरी म्हटलं होतं, आणि काकांना ते फार आवडलं होतं.

पहिल्यापासून लोक विचारत, हा हट्ट कशासाठी? काकांनी त्यासाठी एक पान राखून ठेवलं. 'ही भाषा का?' असं वर शीर्षक दिलं. खाली 'माझे थोरले बंधू' एवढं लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. आपल्याला लिहिता येत नाही, आज्ञा लिहिणं वेगळं आणि माणसांसाठी लिहिणं वेगळं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. नोकरी संपली, केस गेले, दोन खोल्यांच्या घरात पुस्तकं छताला टेकली, तरी ते पान तसंच कोरं होतं.

आता मात्र ते भरणं भाग होतं. भाषेच्या किल्ल्या पाच जणांकडे होत्या. काय बदलायचं, काय ठेवायचं, हे त्या पाच जणांनी मतं देऊन ठरवायचं. आणि त्यांच्यापुढे प्रस्ताव आला होता, की ज्याला हवं त्याला एक ओळ लिहून रिकाम्या जागेला शून्य समजण्याची मुभा द्यावी. मतमोजणीचं काम प्रोफेसरकडे होतं. हा कुठल्याशा कॉलेजात शिकवणारा गप्पिष्ट माणूस. काकांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं, फक्त फोनवर ऐकलं होतं.

"काका, ते पान लिहा," प्रोफेसर म्हणाला. "कारण कळलं तर लोक ऐकतील. मी तुमच्याच बाजूने आहे, पण का आहे ते मलाच धड सांगता येत नाही. बायको विचारते, या नियमासाठी एवढं भांडतोस ते कशासाठी? मी म्हणतो, काकांना विचार."

"बघतो," काका म्हणाले.

"बघता बघता जन्म गेला तुमचा."

प्रस्ताव आणणारी होती मुंगी. काकांची सख्खी पुतणी.

मुंगी हे तिचं लहानपणचं नाव. रांगेत चालायची, रांगेत खेळणी मांडायची, म्हणून मुंगी. कॉलेजात असताना तिने 'बघून' वापरली, तिच्यातली एक चूक शोधली आणि ती कळवताना सवयीने 'काका,' अशी सुरुवात केली. ते साऱ्या जगाने वाचलं, आणि तेव्हापासून समुद्रापलीकडची पांढऱ्या दाढीची माणसंही त्यांना काकाच म्हणू लागली. पुढे ती एवढी तयार झाली, की पाचवी किल्ली काकांनी स्वतः तिच्या हातात दिली. आता ती घरोघर सामान पोचवणाऱ्या एका कंपनीत होती, आणि तिच्याच सांगण्यावरून कंपनीने सगळा कारभार 'बघून'वर आणला होता. तिथेच माशी शिंकली.

रविवारी काका वहिनींकडे, म्हणजे मुंगीच्या आईकडे, जेवायला जात. त्या रविवारी मुंगीही आली. वहिनी ओट्याशी उभ्या राहून सफरचंदं चिरत होत्या. गोदामातल्या निवडणीच्या कामातून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या, पण हातांना कुणी ते सांगितलं नव्हतं. प्रत्येक फळ हातात आलं की आधी फिरवायचं, डाग शोधायचा, अंगठ्याने दाबायचं आणि मगच सुरी लावायची.

"तुमच्या भाषेने काल पुन्हा ट्रक उभे ठेवले," मुंगी आत येता येता म्हणाली.

"भाषेने नाही. वजन न लिहिणाऱ्याने."

"तेच ते. दुकानदार पार्सलचं वजन लिहीत नाहीत. रिकामं सोडतात. मग तुमची बाई रुसून बसते, आणि मी एकेका दुकानदाराला फोन करत बसते. साहेब म्हणतात, तुझ्या काकांना म्हणावं एवढा ताठा बरा नव्हे."

"तुझे साहेब मला ओळखतात?"

"तुमच्या लाल ओळीला ओळखतात. रोज भेट होते त्यांची."

वहिनी हसल्या. काकाही हसले. मुंगी हसली नाही. तिने स्टूल ओढलं आणि काकांच्या समोर बसली.

"काका, मस्करी पुरे. परवा मतं मोजणार. दोन तुमच्याकडे, म्हणजे तुम्ही आणि प्रोफेसर. दोन मुभा द्या म्हणणारे. उरले मी. मी कुणाकडे ते तुम्हाला माहीत आहे."

"प्रस्तावच तुझा आहे."

"मग स्वतःहून मान्य करा ना. माझ्यामुळे हरलात असं कशाला व्हायला हवं? मी काय सगळ्यांवर लादते आहे? ज्याला हवं त्याला मुभा. आणि खरं सांगू, नाही झालं तर कंपनी 'बघून' टाकून देणार आणि ती आणली म्हणून माझीही उचलबांगडी करणार."

"एकदा मुभा दिली की सगळेच घेतात, मुंगी. सोपं ते सगळेच घेतात."

"घेऊ देत! एका पार्सलचं वजन शून्य धरलं तर कोण मरतं, काका?"

ओट्यावरची सुरी थांबली.

काकांनी वहिनींकडे पाहिलं नाही. ते टेबलाकडे बघत राहिले. हा प्रश्न कुणीतरी, कधीतरी, याच शब्दांत विचारणार हे त्यांनी इतक्या वेळा मनात घोळवलं होतं, की उत्तर आपोआप तोंडातून निघालं.

"तुझे बाबा," ते म्हणाले.

मुंगीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

तिला लहानपणापासून माहीत होतं ते एवढंच: बाबा फळांच्या गोदामात कामाला होते. त्यांना नको तिथे डोकवायची खोड होती. सगळे बाहेर उभे असताना ते एकटे आत डोकावले आणि गेले. ती बालवाडीत होती. पुढे तिने कधी कुणाच्या प्रश्नाला "बघून सांगते" म्हटलं, की वहिनींची चापट बसायची. "हो की नाही, सरळ सांग. बघून काय सांगायचंय?" मुंगी सरळ सांगायला शिकली. शाळेत सगळ्यांच्या आधी तिचा हात वर असे.

"नीट सांगा," ती आता म्हणाली.

काकांना नीट सांगता येत नसे. अडखळत, मागचं पुढे करत त्यांनी जे सांगितलं ते असं होतं.

त्या गोदामात मोठमोठ्या बंद कोठ्या होत्या. सफरचंदं महिनोन्महिने ताजी राहावीत म्हणून कोठीतला प्राणवायू जवळजवळ काढून घेत आणि कार्बन डायऑक्साइड साचू देत. फळं जणू झोपी जात. माणूस आत गेला तर दोन श्वासांत आडवा. वास नाही, रंग नाही, कळायला काही मार्ग नाही. म्हणून प्रत्येक दाराबाहेर एक पाटी होती, आणि आतल्या मापकाकडून येणारा कार्बन डायऑक्साइडचा आकडा तिच्यावर उमटे. कोठी उघडायची असली की आधी पंखे लावायचे, बाहेरची हवा आत खेळवायची. आकडा उतरत उतरत पुरेसा खाली आला, की हिरवा दिवा लागायचा आणि मगच कुलूप सुटायचं. दिवा हिरवा असला की मुखवटा लावायची गरज नाही, असा तिथला नियम.

मापकाचा आकडा घ्यायचा, पाटीवर लावायचा, कमी असला तर दिवा लावून कुलूप सोडायचं. असल्याच एका हरकामी भाषेत कुणीतरी ते सात-आठ ओळींत लिहून ठेवलं होतं. त्या दिवशी मापकाची तार उंदराने कुरतडली होती. आकडा आलाच नाही. आली ती रिकामी जागा. आणि त्या भाषेचा शिरस्ता असा, की रिकामी जागा आली तर ती शून्य समजायची आणि कुरकुर न करता पुढे जायचं. पंखे लावून थोडाच वेळ झाला होता. पाटीवर शून्य आलं, दिवा हिरवा झाला, कुलूप सुटलं.

"मुकादमाने विचारलं, पाच नंबरची मोकळी झाली का रे," काका म्हणाले. "दादाने पाटी बघितली. म्हणाला, शून्य? एवढ्यात? बघून सांगतो. दारात छोटी खिडकी होती, मापक तपासायला. ती उघडून तो कमरेपर्यंत आत वाकला."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

"दुसऱ्या आठवड्यात मी त्याचा डबा आणि स्वेटर आणायला गेलो. कचेरीतल्या माणसाला दया आली, त्याने मला आत बसवलं. पडद्यावर त्या ओळी होत्या. मी वाचल्या. मुंगी, त्यात चूक नव्हती. लिहिणारा कोण होता देव जाणे, पण त्याने काही चुकीचं लिहिलं नव्हतं. पाण्याच्या कचेरीत आम्ही सगळे तसंच लिहायचो. चूक त्या ओळींच्याही खाली होती. ती भाषाच तशी होती. फुकटची, चांगली, सगळ्यांनी घेतलेली भाषा."

"आणि चौकशी?"

"मयताचा निष्काळजीपणा, असं लिहिलं."

"तुम्ही बोलला नाहीत."

तेव्हा मालकाने वहिनींना निवडणीच्या शेडमध्ये घेतलं होतं. शेडच्या दाराशी पोचवायला आलेल्या काकांना वहिनी खालच्या आवाजात म्हणाल्या होत्या, "भाऊजी, आता काही उकरून काढू नका. पोर लहान आहे." काकांनी तोंडात मिठाची गुळणी धरली ती तेव्हापासून. त्याच महिन्यात त्यांनी भाषेची पहिली ओळ लिहिली. माणसांना सांगता येत नाही तर निदान यंत्रांना सांगावं, एवढीच त्यामागची अक्कल. आणि विकायला ठेवली तर ज्याला परवडत नाही तो जुनीच वापरत राहील, म्हणून फुकट.

"आईला नका मध्ये घेऊ," मुंगी म्हणाली. "आईला काय माहीत होतं?"

"मला माहीत होतं," वहिनी म्हणाल्या.

सुरी खाली ठेवून त्यांनी हात पदराला पुसले. बराच वेळ पुसत राहिल्या.

"शेडमधून मला काही दिवसांनी कोठ्यांकडे घेतलं. पाटीवरचा आकडा वाचून मोठ्याने सांगायचं काम. कोठीत कितीही हवा खेळवली तरी काहीतरी दशांश-बिशांश राहतोच. साध्या हवेतही असतो. निव्वळ शून्य कधी येतच नाही. एकदा माझ्या देखत आलं. मी ओरडले, पाटी बिघडली, कुणी हात लावू नका. तार तुटलेली निघाली. मग त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसरं काय."

"म्हणजे बाबांना कळलं होतं. सगळ्यांत त्यांनाच एकट्याला कळलं होतं."

"हो."

"आणि तू मला सांगत आलीस, त्यांना नसती खोड होती."

"खोड होतीच ना," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा फाटला. "लांब उभं राहून सांगितलं असतं, आकडा चुकीचा वाटतो म्हणून. ओरडला असता. मी ओरडले तसा. पण याला बघायचं होतं. स्वतः बघितल्याशिवाय याच्या तोंडातून शब्द निघायचा नाही. तूही तशी निघाली असतीस तर?"

काकांना हे नवीन होतं. इतकी वर्षं ते समोरासमोर बसून जेवत होते, मीठ घ्या, ताक घ्या म्हणत होते, आणि दोघांनाही तेच माहीत होतं. दोघंही दुसऱ्याला कळू नये म्हणून जपत होते.

मुंगी उठली. स्टूल जागेवर ठेवलं, अगदी रेषेत.

"मी वर्गात सांगायचे," ती म्हणाली. "माझे बाबा बावळटपणाने गेले. मुलं हसायची, मीही हसायचे. तुम्ही दोघांनी मिळून मला ते शिकवलंत."

"मुंगी, जेवून तरी..."

"आणि तुम्ही, काका. कुठकुठल्या देशांतल्या यंत्रांना सांगितलंत. रिकामं म्हणजे शून्य नव्हे. लाल ओळीत, रोज. मला सांगायला तुम्हाला तोंड नव्हतं?"

चपला घालून ती जिन्याने उतरली, आणि खालचं दार आपटल्याचा आवाज आला. वहिनी चिरलेल्या फोडींवर ताटली झाकून ठेवत म्हणाल्या, "काळ्या पडतील आता." मग दोघं जेवायला बसले, कारण दुसरं काय करायचं ते कुणालाच सुचेना.

मतमोजणीच्या दिवशी दुपारी प्रोफेसरचा फोन आला. तो हसत होता, पण हसणं जरा घाबरल्यासारखं होतं.

"काका, आपलीच पाळलेली आपल्याला चावली."

"काय झालं?"

"मतं मोजायचा प्रोग्राम मी 'बघून'मध्येच लिहिला होता. हौस म्हणून. दोन आणि दोन मोजले, आणि बसला अडून. 'पाचवं मत माहीत नाही. बघून सांगा.' तुमच्या पुतणीने मतच दिलेलं नाही. होही नाही, नाहीही नाही. रिकामं सोडलंय. फोन बंद, निरोपाला उत्तर नाही."

काका खिडकीपाशी उभे होते. समोरच्या गच्चीवर कुणीतरी उशा वाळत घातल्या होत्या.

"ऐका," प्रोफेसरने आवाज खाली आणला. "बदल व्हायला तीन मतं लागतात. तिचं शून्य धरलं तर बदल पडला. तुमचा नियम वाचला. एक आकडा हाताने टाकायचा, बस. पलीकडचे दोघंही म्हणतात, आज निकाल लागला तर आम्ही मानू. कसाही लागू दे. पण लोंबकळत ठेवला तर ते आपली वेगळी प्रत काढून निघून जाणार. तयार आहे त्यांची. मुभाबिभा काही नाही, रिकामं म्हणजे थेट शून्य. ओपन सोर्स आहे, त्यांना कोण अडवणार? आणि लोक तिकडेच जातील, काका. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग टाकू शून्य? किल्ली तुमचीही लागते. तुम्ही तिकडून हो म्हटलं की झालं. नाहीतरी मत दिलं नाही म्हणजे तिला बदल नकोच असणार, नाही का?"

काकांनी संगणक उघडला. लाल ओळ त्यांच्याही पडद्यावर होती. तिच्यापुढे रिकामी चौकट, आणि आत लुकलुकणारी रेघ. शून्य टाकायला एक बोट पुरे होतं. आणि त्यांच्या मनात आलं, खरंच नको असेल तिला. सगळं ऐकल्यावर कुणाला हवं असेल? बापाची आठवण आली असेल, हात मागे घेतला असेल. पटण्यासारखं होतं. इतकं पटण्यासारखं होतं, की त्यांचं बोट शून्याच्या बटणावर गेलंसुद्धा.

मग दुसरंही मनात आलं. रागाने किल्लीच फेकून दिली असेल. किंवा हो म्हणायचं असेल आणि हो म्हणवत नसेल. किंवा ती तापाने पडली असेल. किंवा एकटी आहे, आणि फोन बंद आहे, आणि त्या दिवशी ती कशी उठून गेली ते त्यांनी पाहिलं होतं. यातलं त्यांना काय माहीत होतं? काहीच नाही. आणि जे माहीत नव्हतं ते आपल्या सोयीचं म्हणून ते शून्य धरायला निघाले होते. त्या सात-आठ ओळी लिहिणाऱ्याने यापेक्षा वेगळं काय केलं होतं? त्याने तर मुद्दाम केलंही नव्हतं.

"काका? आहात ना? काय करू?"

"बघून सांगतो," काका म्हणाले.

शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना ते ऐकू आले. आवाजही दादासारखाच निघाला होता, किंवा त्यांना तसं वाटलं.

"आत्ता? अहो, ते थांबणार नाहीत."

"नकोत थांबायला," म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि चपला शोधू लागले.

मुंगी शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या खोलीत राहत होती. काका बसने गेले, उतरायचा थांबा चुकले, तेवढं अंतर उलटं चालत आले. इमारतीचा जिना अरुंद होता, कठड्याला नुकताच रंग दिलेला. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांना धाप लागली. दारावर तिच्या नावाची पाटी नव्हती. त्यांनी घंटी दाबली. आत घंटी वाजल्याचं ऐकू आलं. कुणी आलं नाही. पुन्हा दाबली. कडी वाजवली. दाराला कान लावून पाहिला, तेवढ्यात जिना उतरणाऱ्या शेजारणीने त्यांच्याकडे संशयाने पाहिलं.

"कुणी हवंय का?"

"पुतणी राहते माझी."

"असेल आत. सकाळी दूध घेतलं तिने." बाई दोन पायऱ्या उतरून थांबल्या. "बरं आहे ना सगळं?"

"बघतोय," काका म्हणाले.

ते सगळ्यात वरच्या पायरीवर बसले. खिशातला फोन थरथरला. प्रोफेसरचा निरोप होता. 'गेले. प्रत काढली. नाव ठेवलंय झटपट. संध्याकाळच्या आत निम्मे लोक तिकडे असतील. काका, मला वाईट वाटतं.' काकांनी तो दोनदा वाचला. कुठल्या कुठल्या खोल्यांमधून, कारखान्यांमधून, गोदामांमधून लोक आता ती प्रत उतरवून घेत असतील, आणि लाल ओळ गेली म्हणून सुटकेचा श्वास टाकत असतील. त्यातल्या एखाद्या पाटीवर, एखाद्या दारापाशी... त्यांनी फोन पालथा करून पायरीवर ठेवला.

"काका, घरी जा."

आवाज दाराच्या अगदी मागून आला. ती किती वेळ तिथे उभी होती कोण जाणे.

"मत मागायला आलो नाही," काका दाराकडे वळून म्हणाले. "ते संपलं. गेले ते."

"माहीत आहे. आमच्या साहेबांनी 'झटपट' उतरवूनही घेतली. मला फोटो पाठवला पडद्याचा. एकही लाल ओळ नाही. माझं शून्य धरलं असतंत तर तुम्ही जिंकला असता."

"हो."

"मग का नाही धरलंत?"

"तू दिलं नव्हतंस."

आत काहीतरी दाराला टेकल्याचा आवाज झाला, पाठ किंवा डोकं. मग तो आवाज खाली सरकत गेला. ती जमिनीवर बसली असावी.

"मला द्यायचं होतं काका, पण काय द्यायचं ते कळेना. अजूनही कळत नाही. तुमच्यावरचा राग गेलेला नाही. जाणार नाही बहुतेक."

"बरं."

"मग कशाला बसलात?"

"तू कशी आहेस ते बघायला आलो."

"दार बंद आहे. काय दिसलं?"

"काही नाही," काका खरं ते बोलले.

पुष्कळ वेळ गेला. खालच्या मजल्यावर कुणीतरी मुलाला ओरडत होतं, नळ वाहत होता. दार उघडलं नाही. उघडेल असंही वाटेना.

"ते कसे होते ते मला माहीत नाही," ती आतून म्हणाली. "शून्यसुद्धा नाही. नुसतं रिकामं आहे. आईला विचारवत नाही. तुम्ही सांगा. पण त्या दिवसाचं नको. आधीचं सांगा."

काकांनी घसा साफ केला. कोऱ्या पानापुढे बसल्यावर व्हायचं तसंच झालं. पहिलं वाक्य सुचेना, सुचलं ते खोटं वाटे. मग त्यांनी डोकं दाराला टेकलं.

"दादाला गोदामात सगळे 'बघूनसांगतो' म्हणायचे," ते म्हणाले. "काहीही विचारा त्याला. पंप चालू आहे का, गाडी आली का. जेवलास का म्हणून विचारलं, तरी डबा उघडून बघणार आणि मग सांगणार."

ते थांबले. पलीकडून हसू आलं नाही, हुंदका आला नाही, काहीच आलं नाही. ती ऐकत होती की उठून आत गेली होती, हे कळायला मार्ग नव्हता.

काका पुढे सांगू लागले.